गजभिये गुरुजींचा सोमवार

गजभिये गुरुजींनी सोमवार धरला तेव्हा सगळ्यात आधी चिडली ती त्यांच्याच मोहल्ल्यातली माणसं. छप्पन साली गुरुजी आणि त्यांची माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव वैनगंगेत सोडून झाले होते. आणि नऊ वर्षांनी हा शिकलासवरलेला माणूस सोमवारी संध्याकाळी जेवत नाही म्हणजे काय? मोहल्ल्यातले चार जाणते एकदा त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. मी शेजारी, कुडापलीकडे तांदूळ निवडत होते. मला सगळं ऐकू येत होतं, आणि आलं नसतं तर मी सूप घेऊन पुढे सरकले असते, हेही खरं.

"गुरुजी, तुमी महादेवाचा सोमवार धरता म्हनते?"

"महादेवाचा नाही."

"मंग कोनाचा?"

"पंतप्रधानाचा," गुरुजी म्हणाले.

मग गुरुजींनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. लढाई चालू आहे, पाऊस दगा देऊन गेला आहे, देशाला धान्य पुरत नाही. म्हणून पंतप्रधानांनी रेडिओवरून सगळ्यांना विनंती केली आहे की आठवड्यातून एक जेवण सोडा. सोमवारची संध्याकाळ त्यांनी सांगितली, गुरुजींनी नाही. "महादेवानं मले आजपर्यंत काही मागितलं नाही. यानं मागितलं." एवढं बोलून त्यांनी माईला चहा टाकायला सांगितलं. चहा चालत असे.

मी बालाघाटला आले ती लग्न होऊन, भंडाऱ्याकडून. नवरा बांधकाम खात्यात कारकून, आणि मला मराठी प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. राज्यांची नवी वाटणी होऊन भंडारा-गोंदिया तिकडे गेले होते आणि बालाघाट इकडे राहिलं होतं. शाळेत मराठीच्या वर्गांतली मुलं दरवर्षी कमी होत होती. गजभिये गुरुजी चौथीला शिकवायचे. आमचं भाड्याचं घर योगायोगानं त्यांच्या घराला लागूनच. त्यांच्या घरात माणसं दोन. बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नाही, आणि गुरुजींनी पुन्हा लग्न केलं नाही. ते आणि त्यांची माय.

आता एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं सांगायला तोंड राहणार नाही. त्या घरचं पाणी प्यायला मला दोन महिने लागले. रोज शाळेतून बरोबर यायचो, माय लोटा पुढे करायची, आणि मी "आत्ताच प्याले हो" म्हणायची. दुसऱ्या दिवशी लोटा पुन्हा पुढे. दोन महिन्यांनी भर उन्हाळ्यात एका दुपारी मी तो लोटा घेतला आणि घटाघटा प्याले. माय म्हणाली, "आज तहान लागली वाट्टे बाईले." ती हे चिडवून म्हणाली की माया करून, मला अजून कळलेलं नाही. मला मात्र लाज वाटली, आणि ती पुरती गेली नाही.

माईचं माहेर लांजीकडचं. तरुणपणी ती मालगुजाराच्या घरी धान कांडायला जायची. दिवसभर मुसळ चालवून संध्याकाळी पदरात कणी पडायची. अख्खा तांदूळ मालकाचा, मोडका तिचा. त्या कणीची पातळ पेज करून तिनं गुरुजींना वाढवलं होतं. त्यामुळे भेटेल त्याला ती पहिला प्रश्न एकच विचारायची, "जेवले का?" पोस्टमनला विचारायची, आमच्या हेडमास्तरांना विचारायची. शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही एकदा विचारलं होतं, आणि ते साहेब खरोखरच जेवलेले नव्हते.

गुरुजींचं त्या पंतप्रधानांवर मन बसलं ते फार आधी, ते रेल्वेचे मंत्री असल्यापासून. दूर कुठेतरी मोठा अपघात झाला, माणसं गेली, आणि मंत्र्यांनी जबाबदारी आपली म्हणून राजीनामा दिला. गुरुजींनी ती बातमी कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती. आमच्यातले काही मास्तर हसायचे. "मंत्री काय इंजिन चालवत होता, गुरुजी?" गुरुजी म्हणायचे, "नाही ना. म्हणून तर."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मध्यंतरी वर्षभर ते स्वतः हेडमास्तर होते. एका दिवशी ते कामासाठी सिवनीला गेलेले असताना शाळेच्या पायरीची फरशी निसटली, तिसरीतली एक मुलगी पडली आणि तिचा हात मोडला. फरशी हलते हे चपराशाला माहीत होतं, त्यानं सांगितलं नव्हतं. गुरुजींनी परत आल्यावर अर्ज लिहिला, की मला हेडमास्तरकीतून मोकळं करा. साहेब म्हणाले, "अरे मास्टरजी, आप तो वहाँ थे ही नहीं!" गुरुजी म्हणाले, "साहब, यही तो बात है." साहेबांनी दोन महिने वाट पाहून अर्ज मंजूर केला. मुलीचा हात पावसाळ्याआधी बरा झाला. गुरुजी परत चौथीच्या वर्गात आले ते कायमचे. माय माझ्याजवळ कुरकुरली, "हात पोरीचा मोडला न् खुर्ची याची गेली. असं कोठी असते का?" पण मुलीच्या घरी रोज दूध घेऊन जायची ती मायच.

तर सोमवार. सुरुवातीला सगळं गावच पाळत होतं. बसस्टँडवरची हॉटेलं सोमवारी संध्याकाळी भट्टी विझवून ठेवायची. आमच्याही घरी चार सोमवार झाले. पाचव्या सोमवारी आमच्या यजमानांचं डोकं दुखायला लागलं आणि ते पोटात काही गेल्याशिवाय थांबेना. मग आमचा सोमवार सुटला. दिवस वाईटच होते. भाताच्या जिल्ह्यात, जिथे पहाटेपासून गिरण्यांच्या भुशाचा वास सुटायचा, तिथे आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून परदेशातून आलेला लाल मिलो आणत होतो. त्याची भाकर घशाखाली उतरत नसे. माय म्हणायची, "हे घोड्याचं खानं हाय."

गुरुजींचा नियम साधा होता. सोमवारी माय सकाळीच तीन वाट्या तांदूळ शिजवायची. दोन दुपारच्या, एक तिच्या संध्याकाळची. गुरुजींच्या संध्याकाळची चौथी वाटी ती चुलीमागच्या मडक्यात कोरडी टाकायची. महिनाअखेरीच्या शनिवारी मडकं रिकामं करून माय त्याची खिचडी रांधायची, आणि गुरुजी ती शाळेत नेऊन बिनडब्याच्या मुलांना वाढायचे. सोमवारी संध्याकाळी ते मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांना लिहायला शिकवायला जात. परत येईतो माय जेवून घेतलेली असे.

मी एकदा त्यांना छेडलं. म्हटलं, "गुरुजी, लहानपणी उपास काय कमी घडले तुम्हाला, की आता हौसेनं करता?"

गुरुजी हसले नाहीत. पायातली वहाण काढून बाजूला ठेवत म्हणाले, "बाई, तवा आमी उपाशी राहाचो ते कोणी राहा म्हणून सांगत नव्हतं. आमी जेवलो का नाही, हे कोणाले मालूमच नव्हतं. आता देशाचा पंतप्रधान मले म्हणते, गजभिये, एक जेवण दे. म्हणजे माह्या घरी जेवण हाय असं त्याले वाटलं ना! असं याच्याआधी कोणाले वाटलं नव्हतं."



ते पंतप्रधान फार दिवस राहिले नाहीत. सगळं मिळून दीड वर्षाच्या थोडं वर. जानेवारीतल्या एका थंड सकाळी प्रार्थनेच्या आधी बातमी आली. गुरुजी मैदानात मुलांच्या रांगेसमोर उभे राहिले. भाषण करतील असं आम्हाला वाटलं होतं. ते म्हणाले, "मुलांनो, आपले पंतप्रधान गेले. चांगला माणूस होता." आणि पुढे त्यांना बोलता येईना. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर गाव सोमवार विसरलं. हॉटेलांच्या भट्ट्या पेटल्या. गुरुजी मात्र थांबले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्यानं सुरू करा म्हणून सांगितलं होतं. बंद करा म्हणून सांगाच्या आधीच गेला. मंग मी कोणाले विचारून बंद करू?"

पुढच्या दोनेक वर्षांत माय खंगत गेली. आधी चालताना भिंत धरायला लागली, मग ओट्यावरून उतरणं बंद झालं. एका थंडीत ती अंथरुणाला लागली, आणि महिनाअखेरीची खिचडी रांधायचं माझ्याकडे आलं. गुरुजींनी मडकं उचलून आणलं, मी वाटी घेऊन मोजायला बसले. त्या महिन्यात सोमवार पाच आले होते. पाच वाट्या निघाल्या आणि मडक्यात अजून तांदूळ होता. मी मोजत राहिले. दहा निघाल्या.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आधीच्या महिन्याचे राहिले असतील." ते म्हणाले, "आधीच्या महिन्याचं मडकं मी सोता धुतलं होतं." मग त्यांना कळलं, आणि मलाही. माय सोमवारी दोनच वाट्या शिजवत होती. स्वतःच्या संध्याकाळची वाटीही ती मडक्यात टाकत होती, आणि पहिल्या सोमवारपासून टाकत आली होती. खिचडी तीच रांधायची, म्हणून आजवर कुणी मोजलं नव्हतं.

गुरुजी अंथरुणाजवळ जाऊन बसले. "माय, तू सोमवारी जेवत नाही?"

"तू जेवतं का?"

"मले मागितलं म्हणून मी नाही जेवत. तुले काय झालं?"

माय उठून बसायला लागली, मी पाठीला हात दिला. हाडं हाताला लागली. ती म्हणाली, "त्यानं तुलेच मांगतलं? सगळ्याइले मांगतलं ना? मंग मी काय या देशातली नाही?"

गुरुजी खाली मान घालून बसले. हे त्यांचंच बोलणं होतं, फक्त माय ते आधीपासून जगत होती आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आले. तपासून बाहेर आल्यावर गुरुजींना म्हणाले, "मास्टरजी, खून बहुत कम है. एक टाइम भी भूखी मत रखिए इनको." माईनं आतून हाक मारून विचारलं, "डाक्टरसाहेब, जेवले का?"

इथून गुरुजींचा खरा त्रास सुरू झाला. पहिल्या सोमवारी ते माईला म्हणाले, आजारी माणसाला सूट असते. माय म्हणाली, "मी बिमार नाही, म्हातारी हाय." दुसऱ्या सोमवारी ते स्वतः ताट घेऊन तिच्यासमोर बसले आणि जेवले. तीन वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येक घास त्यांना जड जात होता, ते मी दारातून पाहिलं. माय शांतपणे बघत राहिली आणि म्हणाली, "तुयं तू पाहा. मी त्याले जबान देल्ली."

"माय, तो माणूस मेला!"

"मरताना म्हनला का, बंद करा म्हनून?"

गावाला ते स्वतः हेच सांगत आले होते.

मधल्या आठवड्यात माईला दोनदा भोवळ आली. रविवारी गुरुजी आमच्याकडे आले. आमच्या घरी नवा रेडिओ आला होता, त्याच्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, उद्या मी मायले सांगणार हाय, का तुमच्या रेडिओवर आलं म्हणून. धान्य पुरलं, सोमवार बंद करा म्हणून."

गजभिये गुरुजी खोटं बोलणार होते. वही न आणणाऱ्या मुलानं "आणली होती, हरवली" म्हटलं की ज्यांचा चेहरा पडायचा, ते गुरुजी. ते पुढे म्हणाले, "माय तुमाले विचारन. माह्यावर तिचा भरोसा नाही बसणार."

सोमवारी तसंच झालं. गुरुजींनी सांगितलं ते माईनं डोळे मिटून ऐकलं आणि मला बोलावणं पाठवलं. मी गेले. माय म्हणाली, "बाई, तू ऐकलं? तुया कानानं?"

"हौ माय. मी ऐकलं."

"पुरलं म्हनते? सगळ्याइले?"

"हौ."

माय माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हिनं ओळखलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याले पाहाले भेटाले पाहिजे होतं. बिचारा लवकर गेला." आणि लगेच गुरुजींना, "मंग बसून काय राह्यला? टाक न तांदूळ! बाईलेही वाढ."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवलो. भात, वरण आणि जवसाची चटणी. ज्या घरचं पाणी प्यायला मी दोन महिने घेतले होते, तिथं मी खोटं बोलून जेवत होते, आणि माय मला आणखी वाढ म्हणून गुरुजींना सांगत होती. गुरुजी वर बघत नव्हते.

पण गुरुजींनी सोमवार सोडला होता, असं कुणी समजू नये. पुढच्याच सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत ते डबा घेऊन वर्गाबाहेर गेले आणि एका बिनडब्याच्या पोराला देऊन आले. संध्याकाळी माईबरोबर जेवावं लागतं, म्हणून त्यांनी दुपार सोडली होती. दर सोमवारी रिकामा डबा घरी जायचा, आणि माय तो उघडून बघून समाधानानं म्हणायची, "आज जेवन बरं गेलं वाट्टे." मी कधी काही बोलले नाही. दोन खोटी सांभाळायची होती, तिथं तिसरं काय जड होतं?

माय त्यानंतर दीड वर्ष जगली. त्या सोमवारी खाल्लेल्या भातानं ती जगली असं डॉक्टर म्हणणार नाहीत, मी म्हणते. गेली ती बुधवारी, सकाळी. गुरुजी शाळेत निघाले होते. तिनं नेहमीसारखं विचारलं, "जेवला का?" ते म्हणाले, "हौ माय." शाळेच्या फाटकाशी पोचले तोवर मागून माणूस बोलवायला आला.

माय गेल्यावर गुरुजींचा सोमवार पुन्हा संध्याकाळवर आला. आता कुणाला फसवायचं नव्हतं. सोमवारी दिवेलागणीला त्यांच्या छपरातून धूर निघत नसे, आणि मला माझ्या चुलीवरचा भात उतरवताना चोरट्यासारखं वाटे. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, बस झालं आता." ते म्हणाले, "मायजवळ खोटं बोललो, बाई. तिले सांगितलं पुरलं म्हणून. तिनं विश्वास ठेवला. आता माह्याच खोट्यावर मीच विश्वास ठेवला, तर कसं होईन?"

मला तेव्हा कळलं की हा माणूस आता पंतप्रधानांसाठी उपाशी राहत नाही.

अशी आणखी काही वर्षं गेली. गुरुजींचे केस पांढरे झाले, निवृत्ती जवळ आली. आमच्या यजमानांची जबलपूरला बदली ठरली, आणि मी सामान बांधायला लागले. त्याच सुमारास एका संध्याकाळच्या बातम्यांत आलं, की पीक चांगलं आहे आणि आता बाहेरच्या देशांकडून धान्य मागवायची गरज उरणार नाही. रेशनच्या दुकानात लाल मिलो दिसेनासा झालाच होता. मी हात पुसत तशीच कुडापाशी गेले आणि हाक मारून गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुमी सोता ऐकलं?"

"हौ, गुरुजी. माझ्या कानानं."

या वेळी ते खरं होतं. गुरुजी "बरं" म्हणाले आणि आत गेले.

तो शुक्रवार होता. सोमवारी दिवेलागणीला मी बाहेर आले, तर गुरुजींच्या छपरातून धूर निघत होता. मी तिकडे गेले. चुलीवरून भात उतरला होता. गुरुजींनी दोन ताटं घेतली होती, एक स्वतःसमोर, एक माय बसायची त्या जागी. दोन्हींत वाढलेलं होतं. ते जेवायला सुरुवात न करता बसले होते.

मला बघून म्हणाले, "सगळ्यायले नाही पुरलं, बाई. मले मालूम हाय. माह्याच वर्गात बिनडब्याचे चार पोरं हायत." मग म्हणाले, "पण मायले मी जे सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं ना? जरा आधी सांगितलं, एवढंच."

"हौ, गुरुजी," मी म्हटलं. "जरा आधी."

त्यांनी भाताचा घास केला. तो हातातच धरून माझ्याकडे बघितलं आणि माय विचारायची तसंच विचारलं, "जेवले का?"

मी घरून जेवून आले होते. "नाही," म्हटलं, आणि दुसऱ्या ताटावर बसले.